सांधेदुखीच्या गोळीने कॅन्सरचं मूळ मरतं का? (काउंटरवर आलेला प्रश्न)

काउंटरपलीकडून | आरोग्य विभाग | शनिवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर असते, त्यामुळे हा विषय बघून काहींना आश्चर्य वाटेल.

कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमचं औषधाचं दुकान आहे. सासऱ्यांनी टाकलेलं, आता मी बघते. मंगळवारी दुपारी, गिऱ्हाईक नसतं त्या वेळेला, वडणग्याच्या एक मावशी आल्या. पिशवीतून मोबाईल काढला, चष्मा शोधला, तो काही सापडला नाही, मग मोबाईलच माझ्यापुढे धरला. "ह्यातली गोळी दे गं बाळ. दोन पाकिटं." व्हॉट्सअॅपवर फिरणारं चित्र होतं. वर लाल अक्षरांत 'सांधेदुखीच्या साध्या गोळीने स्तनाच्या कॅन्सरचं मूळच जळतं, डॉक्टर सांगणार नाहीत' आणि खाली इंडोमेथासिनचं नाव.

गोळी सुनेसाठी. छत्तीस वर्षांची सून, केमोचे दोन डोस झालेले, चार राहिलेले. चिठ्ठी अर्थात नव्हती. इंडोमेथासिन शेड्यूल एचमधलं औषध, चिठ्ठीशिवाय मी देत नाही, आणि केमो चालू असताना तर नाहीच. मावशींना राग आला. "दुसरीकडं मिळायची न्हाई व्हय?" म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या. मिळणार, हे त्यांनाही माहीत आणि मलाही.

मग तीन रात्री मी हेच वाचत बसले. मला वाटलं होतं, मेसेज सपशेल थाप असेल. तसा तो नाही, आणि त्यानेच मी जास्त अस्वस्थ झाले. थाप असती तर मावशींना हसून वाटेला लावता आलं असतं.

मला समजलं ते असं. चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.

२००३ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी स्तनाच्या गाठीतल्या पेशी त्यांच्या अंगावरच्या खुणांवरून निवडून वेगळ्या केल्या आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांना टोचल्या. एका जातीच्या पेशी हजारोंनी टोचल्या तरी गाठ होईना. दुसऱ्या जातीच्या जेमतेम शंभर टोचल्या तरी गाठ व्हायची, आणि त्या नव्या गाठीत पुन्हा दोन्ही जातींच्या पेशी. या दुसऱ्या जातीला कॅन्सरच्या मूलपेशी म्हणतात, इंग्रजीत स्टेम सेल. संख्येने थोड्या, सावकाश वाढणाऱ्या, औषध बाहेर फेकण्यात पटाईत. केमो मुख्यतः भराभर वाढणाऱ्या पेशींना मारते, त्यामुळे गाठ वितळलेली दिसते आणि या मागे उरतात. दोन-चार वर्षांनी 'परत आलं' म्हणतात त्यामागे याच असाव्यात, असा तर्क.

आता दाहाचं. इथे दाह म्हणजे पोटातली जळजळ नव्हे. जखम झाल्यावर जागा लाल होते, सुजते, गरम लागते, तो दाह. गाठीत पांढऱ्या पेशी जमलेल्या असतात, हे जर्मनीच्या फिरखोने १८६३ मध्येच लिहून ठेवलंय. १९८६ साली ड्वोरॅक नावाच्या डॉक्टरांनी तर गाठीला 'न भरणारी जखम' म्हटलं. मला हे फार पटलं. जखम भरायला शरीर जे सिग्नल सोडतं, नवीन पेशी करा, रक्तवाहिन्या आणा, तेच सिग्नल गाठ स्वतःसाठी वापरते. त्यातला एक प्रोस्टाग्लँडिन, आणि तो तयार करणारं एन्झाइम कॉक्स-२. अॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक, इंडोमेथासिन, या जातीच्या वेदनाशामक गोळ्या घाव घालतात तो इथेच. अॅस्पिरिन हे कसं करते ते जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, त्याबद्दल १९८२ चं नोबेल.

म्हणजे दुवा जुळतो. आणि मेसेजमधलं इंडोमेथासिनही हवेतून आलेलं नाही. लंडनमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी इंडोमेथासिनचे रेणू तांब्याच्या अणूला बांधून एक संयुग केलं, आणि प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत वाढवलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या मूलपेशी त्याने मेल्या. कुणीतरी त्यातलं तांबं गाळलं, बशी गाळली, राहिली फक्त गोळी.

माझे दोन प्रश्न. एक, बशीत होतं तर माणसात का नाही? कुणी करून बघितलंय का? दोन, मावशी परत आल्या तर मी काय सांगू? 'डॉक्टरांना विचारा' हे मीही सांगू शकते, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ते तोंडातून निघत नाही.

---

गवतीचहा | शनिवार, रात्री ११:०५

वाचनखूण साठवली. सावकाश वाचणार.

---

आडसाली | रविवार, सकाळी ६:१८

ताई, मला शास्त्र कळत नाही पण तुमची मूलपेशी कळली. आमच्याकडं तिला लव्हाळा म्हणतात. उसात भांगलण केली की चार दिवस रान कसं चकाचक. बायका घरी जात्यात, पाऊस पडतो आन् आठव्या दिवशी पुन्हा हिरवंगार. कारण वर पात कापली, गाठ खाली मातीत तशीच. त्या गाठीला नागरमोथा म्हणून तुमच्याच दुकानात किंमत येती, आमच्या रानात आली की शिव्या. :)

तणनाशक मारलं तर पात जळती, गाठ शिल्लक. केमो म्हंजे भांगलणच झाली म्हणायची.

---

पेशीपुराण | रविवार, सकाळी ११:३०

मूळची गडहिंग्लजची, सध्या पुण्यात एका प्रयोगशाळेत पेशी वाढवणं हेच काम. काउंटरपलीकडून, तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे. आमच्या एमएस्सीच्या पोरांना वाचायला देणार आहे.

आडसाली, लव्हाळ्याची उपमा आमच्याकडेही चालते, पण एका जागी ती मोडते आणि खरी गोम तिथेच आहे. लव्हाळ्याची गाठ गाठ असते, पात पात. कापलेल्या पातीची गाठ होत नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये होते! साधी पेशी परिस्थिती बघून मूलपेशी बनते, मूलपेशी पुन्हा साधी होते. २०११ च्या सुमारास एकाहून अधिक प्रयोगशाळांनी हे दाखवलं. आणि ही बदली घडवणाऱ्या सिग्नलांपैकी एक इंटरल्युकिन-६, तो दाहातलाच. आपल्याला ताप येतो त्यात याचाही हात. मूलपेशींजवळ तो जास्त असतो, तो शेजारच्या साध्या पेशीला चिथावतो, ती मूलपेशी होऊन आणखी इंटरल्युकिन-६ सोडते. २००९ मध्ये हार्वर्डच्या एका गटाने दाखवलं की दाहाचा सिग्नल थोडाच वेळ देऊन काढून घेतला तरी हे चक्र स्वतःच फिरत राहतं. काडी विझली, गंजी पेटलेली.

म्हणजे नुसत्या मूलपेशी मारून भागत नाही. आज मारल्या, उद्या उरलेल्यांतून नव्या. म्हणून लोकांना वाटलं, चिथावणाराच बंद करू. दाहशामक औषधांची कल्पना आली ती इथून.

याहून त्रासदायक गोष्ट म्हणजे केमोने मरणाऱ्या पेशीही प्रोस्टाग्लँडिन सोडतात. २०१५ मध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरवर काम करणाऱ्यांना दिसलं की मरता मरता सोडलेल्या त्या सिग्नलने झोपलेल्या मूलपेशी जाग्या होतात, जखम भरायला जाव्यात तशा. उंदरांना सोबत सेलेकॉक्सिब, म्हणजे कॉक्स-२ अडवणारं औषध, दिलं तर हे थांबलं. इथवर वाचून कुणालाही वाटेल, मग द्या की सगळ्यांना.

माणसांवर केलेल्या चाचण्यांबद्दल संध्याकाळी लिहिते. आज घरी पाहुणे आहेत, तांबडा-पांढरा करायचाय.

---

डॉ. गोठा | रविवार, दुपारी १:१२

मी जनावरांचा डॉक्टर. वरचं सगळं वाचताना एक गोष्ट आठवली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

२००९ मध्ये बोस्टनजवळच्या एका गटाने स्तनाच्या मूलपेशींवर साधारण १६,००० रसायनं एकामागून एक तपासली. कशाने मूलपेशीच निवडून मरतात ते बघायला. पहिलं आलं कोण? सॅलिनोमायसिन. केमोतल्या पॅक्लिटॅक्सेलशी तुलना करता मूलपेशींचं प्रमाण शंभर पटीहून कमी केलं त्याने.

आता ज्यांच्याकडे पोल्ट्री आहे ते हसायला लागले असतील. सॅलिनोमायसिन म्हणजे कोंबड्यांच्या खाद्यात घालायचं औषध! कॉक्सीसाठी, ज्यात पिल्लांना रक्ताची हगवण लागते. खाद्याच्या पोत्यावर नाव छापलेलं असतं. हातकणंगल्यात ज्या शेडमध्ये मी जातो तिथे ढिगाने पडलंय. उद्या कुणी व्हॉट्सअॅपवर टाकलं तर लोक कोंबडीखाद्य खायला लागतील, अशी मला खरोखर भीती वाटते.

तर ऐका. हेच खाद्य घोड्याने चुकून खाल्लं तर घोडा मरतो. हृदयाचे आणि पायाचे स्नायू जातात. माणसालाही ते विषारी. बशीतल्या पेशीला ना हृदय असतं ना मूत्रपिंड, त्यामुळे बशीत मरणाऱ्या पेशीवरून औषध ठरत नाही.

डायक्लोफेनॅकचंही तेच. आम्ही गाई-म्हशींना वर्षानुवर्षं टोचलं, गाईला काही झालं नाही. ती गाय मेल्यावर खाणारी गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. २००४ मध्ये कारण सापडलं, २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली, तोवर आकाश रिकामं झालं होतं. एकाच्या अंगात साधी असलेली गोळी दुसऱ्याच्या अंगात काय करेल हे आधी कळत नाही, हे मी गिधाडांकडून शिकलोय.

---

तांब्यापितळ | रविवार, दुपारी २:४०

धागालेखिकेने स्वतःच लिहिलंय की तांब्याने मूलपेशी मेल्या. आपले पूर्वज रात्रभर तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवून सकाळी पीत होते. आता गोरे लोक तेच सांगतात तर आपल्याला पटतं. बाकी चालू द्या.

---

पेशीपुराण | रविवार, दुपारी २:५८

काका, तुमच्या तांब्याला माझा विरोध नाही, माझ्याही घरी आहे. पण त्या संयुगात तांब्याचा अणू इंडोमेथासिनला रासायनिक बंधाने जखडलेला असतो. पेशीत शिरल्यावर तांबं आतल्या आत ऑक्सिजनचे जहाल कण तयार करतं आणि पेशी त्याने होरपळते. सोबतचं दाहशामक कॉक्स-२ अडवतं. दोन्ही एकत्र पोचले तरच उपयोग. पाण्यात उतरलेलं तांबं पोटातून यकृतात जातं आणि यकृत त्याचा हिशेब चोख ठेवतं, जास्तीचं पित्तातून बाहेर. उलट काही गाठी तांब्याच्या जास्तच भुकेल्या असतात.

---

सांगलीची हळद | रविवार, दुपारी ४:१५

इतका वेळ झाला, हळदीचं नाव कुणी काढलं नाही? कोल्हापूरकर हळद फक्त लग्नात लावतात वाटतं. कर्क्युमिन दाहाचा सिग्नल अडवतं, असे शेकडो पेपर आहेत.

---

पेशीपुराण | रविवार, संध्याकाळी ७:४४

पाहुणे गेले, रस्सा संपला.

आधी हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती रास्त मिरवा. पण कर्क्युमिन आतड्यातून रक्तात जवळजवळ शिरतच नाही, शिरलं तर मिनिटांत मोडतं. बशीत मी ते थेट पेशींवर ओतते, तुमच्या आमटीतून तेवढं पोचायचं नाही. २०१७ मध्ये औषधरसायनाच्या जाणकारांनी तोवरचं काम चाळून लिहिलं की डोळे बांधून (कुणाला कुठली गोळी ते कुणालाच न कळू देता), खोट्या गोळीशी तुलना करून केलेली एकही चाचणी कर्क्युमिनने जिंकलेली नाही. आणि केमो चालू असताना हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना न सांगता घेऊ नका. आमटीतली चालेल.

आता माणसांवरच्या चाचण्या. हा भाग मी मुद्दाम सावकाश लिहिते, कारण मावशींच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

अॅस्पिरिनपासून. २०१० मध्ये अमेरिकेत परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासातून एक निष्कर्ष आला. स्तनाचा कॅन्सर झालेल्या ४,१६४ परिचारिका, त्यात आठवड्यातून दोन किंवा जास्त दिवस अॅस्पिरिन घेणाऱ्यांत त्या कॅन्सरने होणारे मृत्यू निम्म्याहूनही कमी. निम्म्याहून कमी! असा आकडा बघून झोप उडते. पण त्या बायकांना कुणी गोळी वाटून दिलेली नव्हती. ज्या घेत होत्या त्या घेत होत्या. जिचा आजार बळावला, जिचं पोट बिघडलं, तिने गोळी सोडली असेल, मग घेणाऱ्यांत धडधाकटच उरणार. हा घोळ सोडवायचा तर चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना खरी, निम्म्यांना खोटी गोळी द्यावी लागते.

मला कौतुक वाटतं ते हे की तो अभ्यास करणाऱ्या मिशेल होम्स यांनीच पुढे ही चाचणीही उभी केली. आपलंच म्हणणं पणाला लावलं. ३,०२० रुग्ण, रोज ३०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन किंवा खोटी गोळी. निकाल २०२४ मध्ये आला. फायदा नाही. चाचणी मधेच थांबवली, कारण पुढे नेऊनही फायदा दिसणार नाही हे कळलं होतं. आजार परतणं, नवा कॅन्सर किंवा मृत्यू, अशा घटना अॅस्पिरिनच्या गटात १४१, खोट्या गोळीच्या गटात ११२. या फरकावरून अॅस्पिरिनने नुकसान होतं असं छातीठोक म्हणता येत नाही, पण फायद्याची आशा मात्र संपली.

सेलेकॉक्सिब तर नेमकं कॉक्स-२ वरच नेम धरून केलेलं औषध. २,६३९ रुग्ण, रोज ४०० मिलिग्रॅम, दोन वर्षं. २०२१ मध्ये छापून आलं, पुन्हा फरक नाही. मधुमेहाचं मेटफॉर्मिन बशीत मूलपेशी मारतं म्हणून आम्ही सगळे त्याच्या मागे होतो. ३,६४९ रुग्ण, २०२२, फरक नाही. मूलपेशीवरचा इंटरल्युकिन-८ (दाहाचाच आणखी एक सिग्नल) चा दरवाजा बंद करणारं रेपॅरिक्सिन उंदरांत झकास होतं. आजार पसरलेल्या रुग्णांत पॅक्लिटॅक्सेलसोबत दिलं तर गाठ वाढायचा काळ लांबला नाही.

का? माझं मत सांगते. पेशींना प्रोस्टाग्लँडिन हा एकच रस्ता नसतो, गंगावेशीकडून बंद केला की त्या रंकाळवेशीकडून येतात. शिवाय गोळी खाऊन गाठीच्या आत, त्या थोड्या पेशींपर्यंत, किती औषध पोचतं? बशीत मी वापरते ती मात्रा माणसाला दिली तर आधी पोट फुटेल. म्हणूनच लंडनच्या मंडळींनी ते तांब्याचं संयुग अतिसूक्ष्म कणांत भरून बघितलं, नेमक्या जागी पोचवायला. ही दिशा मला चुकीची वाटत नाही. पण आज ते औषध नाही, आणि पाकिटातली इंडोमेथासिन म्हणजे ते संयुग तर मुळीच नाही.

---

सडेतोड | रविवार, रात्री ८:२०

वा! म्हणजे जी जी गोळी स्वस्त ती ती फेल. पेटंटवाली लाखाची इंजेक्शनं मात्र पास. योगायोग बघा मंडळी. मेसेजमध्ये 'डॉक्टर सांगणार नाहीत' लिहिलंय ते उगाच नाही.

---

बिंदूचौकी | रविवार, रात्री ८:२६

आला गं बाई. पॉपकॉर्न कुठंयत?

---

डॉ. गोठा | रविवार, रात्री ८:५१

सडेतोड, तुमचा संशय मला कळतो, औषधकंपन्या काही संत नाहीत. पण एक सांगा, स्वस्त म्हणून दाबायचंच होतं तर अॅस्पिरिनची तीन हजार बायकांवर वर्षानुवर्षं चाचणी कुणी आणि का केली असती?

आणि पास झालेलं स्वस्त औषध हवंय ना? आपल्या परळच्या टाटामध्ये डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी एक चाचणी केली. स्तनाची गाठ काढण्याआधी ७ ते १० मिनिटं गाठीभोवती लिग्नोकेन टोचायचं. हो, दात काढताना देतात ते बधिरीकरणाचं इंजेक्शन, मीही म्हशीच्या शिंगाला तेच देतो. १,५८३ रुग्णांचा हिशेब, २०२३ मध्ये प्रसिद्ध. पाच वर्षांनी जिवंत असलेल्या, इंजेक्शन दिलेल्यांत ९०.१ टक्के, न दिलेल्यांत ८६.४. आजार न परतता राहिलेल्या ८६.६ विरुद्ध ८२.६. किंमत काय, तर चहा-वड्याची. कुणी दाबलं? जगभर छापून आलं.

---

सडेतोड | रविवार, रात्री ९:०२

हे माहीत नव्हतं. वाचतो.

---

परळची पाहुणी | रविवार, रात्री १०:३७

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. मी स्वतः या रांगेतली. २०१९ मध्ये निदान, ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे ज्यावर हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत तो स्तनाचा कॅन्सर. वर्षभर महालक्ष्मी एक्सप्रेसने कोल्हापूर-दादर, दादर-कोल्हापूर. गाडीतले टीसी ओळखायला लागले होते. डोक्याला स्कार्फ बघून खालचा बर्थ न मागता मिळायचा.

काउंटरपलीकडून, तुमच्या मावशींना मूलपेशी समजावू नका. मला कुणी समजावली असती तर मी म्हटलं असतं, थोडी जरी शक्यता आहे ना, मग द्या. रात्री तीनला जाग आली की माणूस काहीही गिळायला तयार असतो. मी गव्हांकुर, गोमूत्र, एका नातेवाइकाने कर्नाटकातून आणलेली पुडी, सगळं केलंय.

त्यांना तापाचं सांगा. केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या वेळी अंगात जंतू शिरला तर पू नाही, सूज नाही, खोकलाही नाही, एकच खूण, ताप. १००.४ च्या वर गेला की रात्र असो की दिवस, दवाखाना गाठायचा, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलेलं. तिसऱ्या डोसनंतर अंग ठेचल्यासारखं दुखत होतं म्हणून मी घरातली अंगदुखीची गोळी घेतली. सकाळी एक, रात्री एक. बरं वाटलं. दुसऱ्या दिवशीही घेतल्या. ताप अंगात होता, गोळीने दिसलाच नाही. तिसऱ्या दिवशी न्हाणीघरात पडले. नवऱ्याने रात्री दोनला गाडी काढली. आठ दिवस आत होते. चूक माझीच, विचारलं नव्हतं कुणाला. वेदनाशामक डॉक्टरांनी स्वतः दिली तर गोष्ट वेगळी, ते रक्त बघून देतात.

त्या सुनेचं वय वाचून कसंतरी झालं. माझंही तेवढंच होतं.

---

काउंटरपलीकडून | रविवार, रात्री ११:१०

पाहुणी, काय लिहू. हे मी दुकानदार असून त्या दिवशी मावशींना सांगितलं नाही. प्लेटलेट कमी असताना या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो, केमोची काही औषधं आधीच मूत्रपिंडावर ताण देतात त्यात यांची भर, हे सगळं मला पाठ आहे. पण मी काय म्हणाले, तर "चिठ्ठी लागते मावशी."

---

आडसाली | सोमवार, सकाळी ५:५५

पेशीपुराण मॅडम, पातीची गाठ होती हे रातभर डोक्यात घोळलं. असलं तण आमच्या रानात आलं असतं तर आम्ही शेती सोडली असती. तुम्ही लोक ते भांगलायला बसलाय, लई मोठं काम आहे.

एक शंका. घरात आईला हृदयासाठी ७५ ची अॅस्पिरिन चालू आहे, तिला स्तनाचा त्रास नाही. हे वाचून ती बंद करायची का?

---

पेशीपुराण | सोमवार, सकाळी ९:०३

अजिबात नाही! ती हृदयासाठी आहे, तिचं काम ती करते. बंद करणं, चालू करणं, दोन्ही तिच्या डॉक्टरांकडे.

---

संपादक | सोमवार, सकाळी १०:१५

सूचना: 'कर्नाटकातल्या पुडी'चा पत्ता विचारणारे तीन प्रतिसाद काढून टाकले आहेत. कृपया पुन्हा विचारू नये.

---

सांगलीची हळद | सोमवार, दुपारी १२:३०

मी विचारला नव्हता हो. बाकी पाहुणी, तब्येतीला जपा. कधी सांगलीला आलात तर भडंग घेऊन स्टेशनवर येते.

---

काउंटरपलीकडून | गुरुवार, रात्री ९:४८

मावशींचा फोन नंबर माझ्याकडे नव्हता. वडणग्याचे एक दूधवाले रोज गंगावेशीत दूध घेऊन येतात, त्यांच्याकडे निरोप दिला, 'औषधाच्या दुकानातल्या बाईने बोलावलंय, गोळीचंच काम आहे.' मंगळवारी आल्या नाहीत. बुधवारी नाहीत. आज संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळी आल्या.

पिशवीतून पाकीट काढून काउंटरवर ठेवलं. इंडोमेथासिन. दहातल्या सात शिल्लक. दुसरीकडे मिळालीच होती.

मी मूलपेशी काढली नाही. पाहुणीने लिहिलं होतं तेच सांगितलं, तापाचं. "तुमच्या सुनेच्या अंगातला ताप हा राखणदार आहे मावशी, ही गोळी त्याचं तोंड बांधते." त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, तिसऱ्या गोळीनंतर पोरीच्या पोटात आग पडली, म्हणून तिनंच थांबवली. डॉक्टरांना सांगितलं का विचारलं, तर मान हलवली. नाही. त्यांच्याच मोबाईलवरून मुलाला फोन लावून दिला. उद्या रक्त तपासायला जायचंच आहे, तेव्हा पाकिटाचा फोटो दाखवायचं त्याने कबूल केलं.

"ही परत घेशील?" मावशींनी विचारलं. दुसऱ्या दुकानातली, तीन गोळ्या फोडलेली. घेतली. गल्ल्यातून त्यांचे पैसे दिले. आमच्या सासऱ्यांनी हिशेबाच्या वहीवरून मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

जाताना थर्मामीटर मागितला. पाऱ्याचा नको, आकडे दिसणारा, चष्मा सारखा हरवतो म्हणाल्या. आत्ता मिळालेले पैसे त्यातच गेले, वरचे शनिवारी आणून देते म्हणाल्या. मी त्यांच्या पावतीमागे मोठ्या अक्षरांत १००.४ लिहून दिलं.